अक्काचा हात

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. का नाही बोलले? — जाऊ द्या, ते कळेलच. आता लपवायचाही कंटाळा आलाय.

लग्नानंतर वर्षभर आम्ही दोघं भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो, मग धरणगावला सासरी राहायला आलो. ऐंशीनंतरची गोष्ट. मी बी.एस्सी. झालेली, तेही रसायनशास्त्र घेऊन — घरात केवढं कौतुक! थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. अक्का चौथी शिकलेली. पण लोणचं करावं तर तिनंच. कैऱ्या फोडून झाल्या की गल्लीतल्या बायका मसाला कालवायला तिलाच हाक मारायच्या. तेवढाच एक मान होता तिला, आणि त्या दिवसांत ती कशी तुरुतुरु चालायची!

त्या उन्हाळ्यात चिनी मातीची बरणी तडकली. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? माझा प्लास्टिकचा पांढरा डबा काढून दिला. भुसावळला त्यात मी रॉकेल ठेवायचे — हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. सोड्याच्या गरम पाण्यानं घासला, उन्हात वाळवला, हुंगला. वास गेलेला. अक्कानं त्यात वर्षाचं लोणचं भरलं.

पावसाळ्यात झाकण उघडलं तर लोणचं कडू, उग्र. घशाखाली उतरेना. घरात स्टोव्हच इतके की रॉकेलचा वास कुणाला वेगळा जाणवला नाही. मला जाणवला. आणि लख्खकन आठवलं — अगं, रॉकेल काय नि हे प्लास्टिक काय, दोन्ही खनिज तेलातूनच निघालेली. रॉकेल डब्याच्या अंगात शिरतं, घासून निघत नाही, आणि वरून तेल पडलं की हळूहळू त्यात उतरतं. परीक्षेत लिहिलं होतं मी हे. तेव्हा मार्कही मिळाले होते.

सासूबाईंनी अक्काकडे पाहिलं. "त्या दिवसांत शिवलीस ना लोणच्याला?"

अक्का गोंधळली. "नही... याद नही माले."

बस्स. तेवढ्यावर ठरलं. मी तिथंच उभी होते, ओल्या हातानं. शिवल्यानं लोणचं बिघडत नाही, हे त्या घरात मला एकटीला पक्कं माहीत होतं. कशानं बिघडलं, तेही. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता? पण माझा डबा, माझं शिक्षण, माझं कौतुक — मी खाली बघितलं. दुपारी तो डबा गुपचूप भंगारवाल्याला देऊन टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात अक्काला कुणी हाक मारली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सगळ्यात वाईट सांगू? तिचा स्वतःचाही विश्वास बसला. कैऱ्या निघाल्या की ती उठून परसात जायची, भांडी घासत बसायची.

नव्वदनंतर तिच्या लेकीचं लग्न ठरलं. लेकीबरोबर लोणचं द्यायचं होतं. अक्का दाराबाहेर उभी राहिली, परात आत सरकवली, म्हणाली, "तूच कालव माय. मना हात चांगला नही. तुना हात चांगला शे."

मी परात ओढून घेतली आणि कालवलं.