फ्लेक्सवरची पलटण

मोशीत आमच्या सोसायटीखाली चहाची टपरी आहे आणि देशाचं संरक्षण खातं तिथूनच चालतं. माझा नवरा, त्याचे कंपनीतले दोस्त, वरच्या मजल्यावरचे लातूरकडचे एक गृहस्थ, हे सगळे शिफ्ट सुटली की तिथे जमतात. मीही चाकणला वायरिंगच्या लाइनवर दिवसभर उभी राहून त्याच वेळी परतते, पण मला वर जाऊन कुकर लावायचा असतो. त्यामुळे देशाचं काय ठरलं ते मला पोळ्या लाटताना खिडकीतून ऐकावं लागतं.

तेव्हा विषय एकच होता. आपण सैन्य वाढवावं का, आणि ते बाहेरच्या देशांत नेऊन ठेवावं का. वाढवा म्हणणाऱ्यांचा म्होरक्या होता क्वालिटीवाला. हा एका कंपनीत पार्ट तपासतो आणि घरीदारी काळा चष्मा उतरवत नाही. त्याचं म्हणणं, धंदा वाढला की चाकणवाल्याला तळेगावात गोडाऊन घ्यावंच लागतं. देशाचंही तसंच, चार ठिकाणी आपली माणसं बसलेली दिसली की लोक नीट बोलतात. लातूरवाले म्हणायचे, आपल्या सोसायटीच्या मागच्या गेटला वॉचमन नाही आणि तुम्ही दुसऱ्याच्या गेटवर वॉचमन पाठवायला निघालात. माझा नवरा दोघांनाही बरोबर म्हणायचा, कारण चहा कधी हा पाजायचा, कधी तो.

मला सगळ्यांचाच राग यायचा. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. टपरीवर कुणी सैन्य म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर शेंबूड पुसत उभा राहिलेला तोच यायचा, मी कडेवर घेऊन वाढवलेला. त्याला कुठे ठेवायचं हे ही मंडळी ठरवणार, आणि ठरवून झालं की क्रीमरोल मागवणार.

एका रविवारी त्याचा फोन आला. त्याच्या पलटणीतली एक तुकडी आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात जाणार होती आणि त्यात तो होता. लढायला नाही, तिथे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठलेत, त्यांच्या मधे उभं राहायला. मधे उभं राहणं लढण्यापेक्षा बरं की वाईट, मला कळेना. मी त्याला टपरीवरचाच प्रश्न विचारला, असं आपण बाहेर जावं का रे? तो हसला.

"ताई, आम्हाला कुणी मत विचारत नाही. आम्ही बॅग भरतो."

मग म्हणाला, आईला एवढ्यात सांगू नकोस. जायच्या आधी मी सुट्टीवर येणार आहे, तेव्हा समोर बसून मीच सांगेन.

त्याला कारण होतं. आई चाकणच्या पलीकडे गावात एकटी राहते. भाऊ बर्फात ड्युटीला होता तो अख्खा हिवाळा ती पांघरूण न घेता झोपली. पोराला थंडी आणि मी उबेत, असं तिला चालेना. शेवटी छातीत कफ भरून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि पुन्हा असं केलं तर मला विचारू नका, असं डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं. आता तर थंडी तोंडावर आली होती.

नवऱ्याला सांगणं भाग पडलं, कारण त्याने मला रडताना पाहिलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर बातमी, आणि तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स.

आमच्याकडे कुणाचं काहीही झालं की फ्लेक्स लागतोच. नवी गाडी घेतली, बैल शर्यतीत पहिला आला, पोरगं दहावी सुटलं, लाव फ्लेक्स. आणि त्यावर पोरापेक्षा शुभेच्छा देणाऱ्यांचीच तोंडं जास्त. या फ्लेक्सवर मागे जगाचा नकाशा, मधे माझा भाऊ, त्याच्या पायाशी एक रणगाडा आणि दोन्ही बाजूंना टपरीवरचे सगळे शुभेच्छुक. क्वालिटीवाल्याने बजावून सांगितल्यामुळे फ्लेक्सवाल्याने प्रत्येकाच्या डोक्यावर फौजी टोपी चढवली होती. तो स्वतः भावाच्या खांद्याला खांदा लावून, काळ्या चष्म्यात, सलाम ठोकत उभा. लातूरवाले या सगळ्याच्या विरोधात, तरी सोसायटीतले म्हणून कोपऱ्यात त्यांनाही टोपी. गडबडीत राहिला तो एकटा माझा नवरा. सख्ख्या मेहुण्याच्या फ्लेक्सवर आपण नाही, म्हणून तो त्या दिवशी जेवला नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतरवा ते. तर नवरा म्हणे, आई गावाकडे असतात, त्यांना कोण दाखवतंय.

आई त्याच आठवड्यात मला नवा तांदूळ द्यायला न सांगता आली. बसमधून उतरली ती थेट फ्लेक्ससमोर. मला खालून निरोप आला तशी मी कणकेच्या हातांनी धावले. आई स्टॉपवर पिशवी मांडीत घेऊन बसली होती आणि वर बघत होती. तिला वाचता येत नाही. फौजीचा एवढा मोठा फोटो चौकात कधी लागतो, ते मात्र तिला ठाऊक होतं. 

"आदी हार हाय का बगितला," ती म्हणाली. "हार न्हाई. मंग बसले हितं."

काय लिहिलंय ते शेजारच्या गजरेवालीने तिला वाचून दाखवलं होतं. मी तिचा हात धरून काहीबाही सांगायला लागले, तर तिचं लक्षच नव्हतं. ती एकेका टोपीकडे बोट दाखवत होती.

"ही समदी जानार न्हवं त्याच्यासंगं? मंग बरं. येकटा न्हाई माजा."

मी हातावरची कणीक खरवडायला लागले. तेवढ्यात क्वालिटीवाला गाडीवरून आला. आपला फ्लेक्स कुणीतरी इतका मन लावून बघतंय, हे पाहून खुशीत थांबला. आईने चष्म्यावरून त्याला ओळखलं. उठून त्याचा हात धरला आणि सांगितलं की झोपेत याचं पांघरूण सरकतं, तू शेजारीच हायस, तेवढं घालत जा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले.

"हो मावशी," तो म्हणाला. "घालतो."

पुढे मी गावी गेले तेव्हा आईची गोधडी दोरीवर उन्हात होती, म्हणजे वापरात होती. मग खरं सांगायची माझी छाती झाली नाही. भाऊ सुट्टीवर आला, त्यालाही गप्प केलं. समोर बसून काय सांगायचं याची तो बिचारा तयारी करून आला होता, आणि आईच त्याला समजावत होती, भिऊ नको, तुजी मानसं हायेत संगं.

तो गेला. आई माझ्याकडे आली की आम्ही व्हिडिओ कॉल लावायचो. ती पहिलं विचारायची, चष्मेवाला कुठाय? भाऊ म्हणायचा, ड्युटीवर आहे. इकडे चष्मेवाला आमच्या खिडकीखाली आवाज चढवून फौज वाढवत असायचा, आणि मी पळत जाऊन खिडकी लावायचे.

किती दिवस चालणार हे. एका दुपारी आई लाडूंचा डबा घेऊन अशीच न सांगता उतरली. मी त्याच वेळी कंपनीच्या बसमधून उतरत होते. टपरीवर क्वालिटीवाला हातात ग्लास धरून सांगत होता की एका तुकडीने काय होतंय, अजून पाठवली पाहिजेत. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मागच्याच कॉलवर तो ड्युटीवर होता.

"सुट्टी मिळाली, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

आई खूश झाली. माझा जेवतो का, वाळलाय का, तिथलं पाणी मानवतं का, सगळं विचारलं. त्याने घाम पुसत सगळ्याला हो म्हटलं.  मग तिच्या मनात काहीतरी फिरायला लागलं ते मला दिसलं.

"मंग माज्यालाच न्हाई सोडलं व्हय," ती म्हणाली. "आन तू हितं हायस, तर त्याच्या अंगावर कोन घालतंय?"

 मला वाटलं, संपलं. आज आई जमिनीवर उघडी झोपणार.  तेवढ्यात मागून लातूरवाले पुढे आले. आपली माणसं बाहेर पाठवू नका म्हणून घसा कोरडा करणारे तेच. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मावशी, मी उद्या निघतोय. मी घालतो."

आईने त्यांना नीट न्याहाळलं, चौकात अजून टांगलेल्या फ्लेक्सवरच्या टोपीवाल्या फोटोशी ताडून पाहिलं, आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी ती माझ्याकडेच राहिली आणि माझी चादर अंगावर ओढून शांत झोपली.

तेव्हापासून आई मोशीत असली की लातूरवाले मागच्या गेटने ये-जा करतात. तिथे अजून वॉचमन नाही.