मामांच्या नावाआधीचं "कै."

यवतमाळ जिल्ह्यात बेसबॉल खेळतात, असं मी बाहेरगावी सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे क्रिकेटच ना?" नाही, बेसबॉलच. आमच्या तालुक्याच्या कॉलेजचा संघ आहे आणि मी त्यात तीन वर्षं खेळलोय. खेळलोय म्हणजे, मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात चेंडू सहसा येत नाही, तिथे मला उभं करायचे. चुकून आलाच, तर मी तो सोडायचो.

आता या मैदानाला आम्ही स्टेडियम म्हणतो. मुरमाड पटांगण, पलीकडे कोणाची तरी तूर, आणि अलीकडे सिमेंटच्या सात पायऱ्या, वर टिनाचं छप्पर. पायऱ्या झाल्या त्या यंदा. आमच्या वेळी प्रेक्षक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसत, आणि नेमाने येणारे प्रेक्षक तीनच. ज्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा आम्हाला खेळायला दिला ते शेतकरी, आमचे जुने प्राचार्य, आणि सगळा संघ ज्यांना मामा म्हणायचा ते मामा.

मामा एसटी डेपोत गाड्यांच्या सीटा शिवायचे. मुरमाड जागी घासून आमच्या चेंडूंची शिवण उसवायची आणि नवा चेंडू मिळणं म्हणजे सणच. मामा उसवलेले चेंडू पिशवीत घालून घरी नेत आणि सीटांच्या वाकड्या सुईने शिवून आणत. दोरा हिरवा. पांढरकवड्याच्या सामन्यात पंचांनी तो हिरव्या शिवणीचा चेंडू बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. मी झेल सोडला की सगळा संघ माझ्या खानदानापर्यंत पोचायचा. मामा मात्र धुऱ्यावरून एवढंच म्हणायचे, "दुसरा येते."

आधी शेतकरी गेले, मग प्राचार्य. दोघांचेही आम्ही कधी धड आभार मानले नव्हते. म्हणून पायऱ्या बांधायच्या ठरल्या तेव्हा आमच्या जुन्या कप्तानाने सगळ्यांना बजावलं, तिघांच्या नावांचा दगड बसवायचा आणि तो मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. तब्येत त्यांची तोळामासा झाली होती. उशीर नको.

मजकुराचं काम माझ्याकडे आलं, कारण बाजारात माझा छापखाना आहे. लग्नाच्या पत्रिका छापतो, तेरवीच्याही छापतो. आपल्याकडे दगडावर नाव चढलं की माणूस गेलेला, हे इतकं पक्कं की माझ्या बोटांनी मला विचारलंही नाही. पहिलं नाव, आधी कै. दुसरं नाव, आधी कै. तिसरं नाव मामांचं. कै. कारागिराने कागदावर होतं ते कोरलं. तपासायचं कोणी? अर्थात मीच, आणि मी तपासलं, ऱ्हस्वदीर्घ अगदी बरोबर होतं.

चूक कळली ती कार्यक्रमाच्या सकाळी. दगडावर कापड टाकलेलं होतं, मी कौतुकाने डोकावलो आणि तिसऱ्या नावाआधीचं कै. दिसलं. मामा तर कधीचेच येऊन बसले होते, वरच्या पायरीवर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. कापड तेच काढणार होते. आता ते अक्षर झाकायचं कशाने? पाहुण्यांसाठी आणलेले झेंडूचे हार समोर दिसले. मी एक उचलला आणि कापडाखालून मामांच्या नावावर नीट लटकवला.

मामांनी कापड ओढलं. हार जरा सरकला. कै. दिसलं, मामांचं नाव दिसलं आणि भोवती झेंडू. उदबत्ती तेवढी कमी होती.

मामांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, सावकाश वाचलं आणि गर्दीत बरोबर मलाच शोधलं.

"बाबू, दोन चुका हायेत. एक तं मी जित्ता हाओ. अन् दुसरी, मी मेलो तरी कैलासात कायले जाऊ? आमच्यात कालकथित लिवतात."

दुसरी चूक मला जास्त लागली. मामांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मामी गेल्या तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका मीच छापली होती, 'कालकथित' मोठ्या अक्षरात घेऊन.

मामाच आधी हसले, म्हणून बाकीचे हसू शकले. कप्तान हसला नाही. त्याने मला ढकलून पुढे केलं. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण पार विसरलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो, "मामा, तुम्ही शिवत होते म्हणून आम्ही खेळलो." मामांनी मान खाली घातली आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

नवा दगड करून देतो म्हणालो, तर त्यांनी साफ नकार दिला. त्या दोघांसोबत इतकी वर्षं धुऱ्यावर बसलो, आता वेगळा दगड कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग कारागिराने छिन्नीने तेवढंच अक्षर उडवलं. नावाआधी बोटभर खड्डा राहिला.

परवा संध्याकाळी सरावाला मामा आले. आता ते दगडाच्या अगदी शेजारी बसतात. त्यांनी त्या खड्ड्यात अंगठा घालून पाहिला.

"याच्यात कालकथित मावत नाही," म्हणाले. "म्हंजे थांबा लागते मले."

मग पिशवीतून नुकताच शिवलेला, हिरव्या दोऱ्याचा चेंडू काढला आणि मला न सांगता माझ्याकडे फेकला. चार हातांवरून. मी सोडला.

"दुसरा येते," मामा म्हणाले, आणि पिशवीत हात घातला.