देवीचे फूल पडले नाही तेव्हा

पदार्थविज्ञान घेऊन मी पदवीधर झालो आणि शाळेत शिकवू लागलो, तेव्हा देवाला या जगात करण्यासारखे काही काम उरले आहे का, ही शंका मला मनापासून छळू लागली. पाऊस, ताप, ग्रहण, सगळ्यांची कारणे पुस्तकात होती. वाडीत एवढा शिकलेला मी पहिलाच; शंका बोलणार कोणाशी?

त्या दिवाळीत नवलाख उंबरे गावाजवळच्या आमच्या वाडीत गेलो, तर पायात काटा मोडून आईचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, अंगात ताप. तळेगावच्या दवाखान्यात नेणे भाग होते. पण वाडीतल्या गाड्या भात वाहायला गेलेल्या, आणि देवीचा कौल घेतल्यावाचून आई हलायला तयार नव्हती. शेवटी तिला पाठीवर घेऊन देवळात आणले. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली फुले चिकटवली. उजवे आधी पडले तर जायचे, डावे पडले तर नाही. ओल सुकली की फूल पडते, हे मी जाणत होतो. म्हणून गुरवाची पाठ वळताच उजव्या फुलाभोवतीचे पाणी उपरण्याने टिपून घेतले.

फूल हलले नाही. आईने मात्र माझी लबाडी पाहिली. "देवीला बी शिकवाया लागलास व्हय, मास्तर?" कण्हता कण्हता ती हसली. मी शरमलो. हात जोडून बसलो आणि प्रथमच मनात म्हणालो, तुला योग्य वाटेल ते कर.

थोड्या वेळाने देवळापुढे एक बैलगाडी थांबली. हिरड्याचा व्यापार करणारे तळेगावचे एक मुसलमान गृहस्थ पाणी प्यायला उतरले. आईचा पाय पाहताच म्हणाले, "मावशी, असा पाय घेऊन हितं काय बसलाय? गाडी तळेगावलाच चाललीय, चढा."

"तुमी हिकडनं कसं, भाऊ?" आईने विचारले.

"बैलाच्या खुराची लोखंडी पत्री निखळली. खडकाची वाट सोडून मऊ वाटंनं आलो. न्हाईतर हिकडं कोण येतंय!"

आई मला म्हणाली, "उचल. कौल मिळाला."

"अजून फूल पडलं न्हाई, आक्का," गुरव म्हणाला.

"पडू दे त्याला सावकाश. मला पोचू दे."

डॉक्टरांनी पाय चिरून पू काढला. आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असे ते म्हणाले.

पत्री निखळली ती खिळे झिजल्यामुळे, पाय वाचला तो शस्त्रक्रियेमुळे. निसर्गाचा एकही नियम मोडला नाही, आणि ते नियम मी वर्गात आजही तसेच शिकवतो. फक्त देवासाठी त्यांच्यात फट शोधायचे सोडले. नियम त्याचेच, त्या गृहस्थांच्या मनातली दयाही त्याचीच, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही. करावेसेही वाटत नाही.

आई आता पुन्हा वाडीमागची टेकडी चढते. मी मागून चालतो. मातीत तिची दोन्ही पावले सारखी उमटलेली दिसतात, आणि माझी मान आपोआप खाली जाते.