दोन जागी लपलेला आकडा

भिंगताईच्या हातांवर बापाच्या माराचा एकही वण नाही. तिच्या दादाच्या हातांवर अकरा आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते या अकरा वणांशिवाय कळायचं नाही.

बाप घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला यश होतं आणि डोक्यात कायम आग. शाळेतून आली की दोन्ही पोरं त्याच्या टेबलाशी बसून तिळाएवढे स्क्रू निवडायची. एखादा हरवला की बाप आवाज न चढवता, अगदी मऊ सुरात विचारायचा, "कोणी केलं?" ती तेव्हा सहा वर्षांची, दादा नऊ वर्षांचा. हरवणारी नेहमी तीच, कारण तिला घाई फार. पण तिनं तोंड उघडायच्या आत दादा म्हणायचा, "मी केलं." मग पितळी पट्टी निघायची. एकदा तर बापानं त्याची बोटं खणाच्या फटीत ठेवली आणि गुडघ्यानं खण लावून घेतला. आई तेवढा वेळ नळ मोठा सोडून भांडी घासत बसायची. नळ बंद झाला की मार थांबतो, असं भिंगताईला कितीतरी वर्षं वाटत होतं. खरं तर मार थांबला की आई नळ बंद करायची.

एका सकाळी बाप त्या टेबलावरच कायमचा आडवा झाला. घरात कोणी रडलं नाही. रडायचं तरी कशासाठी?

वाट्याला आलं ते टेबल, त्याच्या कडेला बसवलेला, दांडा फिरवून वस्तू जबड्यात आवळायचा लोखंडी शेगडा, भिंग आणि बाजाराच्या तळघरातला अडीच पावलांचा गाळा. घड्याळांचे दिवस संपले होते, म्हणून दोघं हातात धरून खेळायच्या गेमयंत्रांकडे वळली. दादाची बोटं तोवर कामातून गेली होती. तीन सांधे वाकडे, आणि चिमटा धरला की हात असा थरथरे की स्क्रूच काय, चहाचा कपही जागेवर राहू नये. तो बाहेर काउंटरला बसे आणि गोड बोले. ती आत, प्लायवूडच्या फळीमागे, कपाळावर भिंग चढवून. गिऱ्हाईक आलं की दादा यंत्र घेऊन "मी बघतो" म्हणत आत जाई आणि तिच्या हातात देऊन दोन मिनिटं उगाच उभा राही. सगळा बाजार त्यालाच कारागीर समजत होता. तिनं एकदा चिडून विचारलंही, की डोळे मी फोडायचे आणि शाबासकी तू घ्यायची का. तो हसून म्हणाला, कारागीर कोण हे बाहेर कळू देऊ नये, वाईट दिवस आला की माणसं कारागिराच्याच अंगावर येतात. तिला ती थाप वाटली. चांगलं बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हे ती बापाच्या गिऱ्हाइकांकडून शिकली होती.

वाईट दिवस आणणाऱ्या माणसाला सगळे पेटीवाला म्हणत. परदेशातून पेट्या भरून माल आणायचा आणि दुकानांना विकायचा, हा त्याचा धंदा. त्यानं एकशे ऐंशी गेमयंत्रं आणली. नवीकोरी, पण आतला मेनू कोणाच्या बापाला न वाचता येणाऱ्या लिपीत, आणि इथली कॅसेट घातली की यंत्र चक्क नाही म्हणे. कंपनी प्रत्येक यंत्राच्या पोटात, त्याच्या कायमच्या प्रोग्राममध्ये, ते कुठल्या देशासाठी बनलंय त्याचा आकडा लपवून ठेवते. त्याला रीजन म्हणतात. तो आकडा कुठे लपलाय हे काही कोणी सांगत नाही. पेटीवाल्यानं दादाला विचारलं, जमेल का. दादा म्हणाला, मी बघतो.

आठ दिवस भिंगताईचं जेवणात लक्ष नव्हतं. तिनं इथली तीन आणि तिथली तीन यंत्रं उघडली, त्यांच्या मेमरीच्या चिपेला चिमटा लावून आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं, आणि ओळीला ओळ लावून फरक शोधत बसली. कुठे फरक दिसला की वहीत लिही, बिनमहत्त्वाचा निघाला की खोड. शेवटी एका ओळीत सापडला. इथल्या तिन्ही यंत्रांत ४, तिथल्या तिन्हींत ७. चिपेच्या अगदी शेपटाकडेही फरक होते, पण तिथे यंत्राचा नंबर आणि बनवल्याची तारीख असते, ते सगळ्यांत वेगळं असायचंच, म्हणून ते तिनं वहीत नुसतं उतरवून सोडून दिलं. सातच्या जागी चार लिहिला. मेनू उमगला, कॅसेट चालली. तिला इतका आनंद झाला की ती फळीमागे एकटीच नाचली.

चूक झाली ती इथेच, आणि या धंद्यातल्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. काम झालं की बटण दाबून यंत्र बंद करायचं, पुन्हा दाबून चालू करायचं, की तपासणी संपली, ही गाळ्याची पद्धत. पण या यंत्राचं बटण त्याला बंद करतच नाही, नुसतं झोपवतं. खरं बंद ते होतं बॅटरी पार संपल्यावर, आणि बॅटरी आत गोंदानं चिकटवलेली. ती उपटायला दहा मिनिटं जातात, म्हणून कोणी उपटत नाही. एकशे ऐंशी यंत्रं भिंगताईनं झोपवून उठवली आणि पास केली. ती दुकानांतून विकली गेली, आणि तीन दिवसांनी घरोघरी बॅटऱ्या संपल्या, पोरांनी चार्जर लावले, आणि एकूण एक यंत्र काळं ठिक्कर पडलं.

पेटीवाला दुपारी दोनला आला. भुवईला तीन ताजे टाके होते. दुकानदारांनी त्याच्या गोदामाच्या काचा फोडल्या होत्या आणि त्यातलीच एक त्याला लागली होती. त्याच्या मागे त्याचा ड्रायव्हर, अंगानं दाराएवढा. ड्रायव्हरनं शटर आतून ओढून घेतलं. पेटीवाल्यानं मेलेलं यंत्र काउंटरवर ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं, "कोणी केलं?"

फळीमागे भिंगताईनं चिमटा खाली ठेवला. पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न, तोच सूर.

"मी केलं," दादा म्हणाला.

पेटीवाल्यानं तेच यंत्र उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात काउंटरवर पडले. मग कॉलर धरून त्याला फरफटत आत आणलं, टेबलावर आपटलं, आणि त्याची नजर शेगड्यावर गेली. तो म्हणाला, उजवा हात तुला कामाला लागेल, डावा दे. ड्रायव्हरनं एका हातानं दादाला दाबलं, दुसऱ्यानं भिंगताईची मान धरून तिला स्टुलावर बसवलं. शेगड्याचा दांडा फिरला. हाडं मोडल्याचा आवाज मोठा नसतो. भिंगताईला तो खणाच्या आवाजासारखा वाटला, आणि तिला त्या क्षणी भीतीहून जास्त स्वतःची लाज वाटली.

पेटीवाला म्हणाला, पाच वाजेपर्यंत एक यंत्र जिवंत करून दाखव, नाहीतर दुसराही हात गेला समज. दादाच्या तोंडातून रक्त गळत होतं. तो कसाबसा म्हणाला, माझा एक हात अडकलाय, बारीक कामं बहीण करील, मी सांगतो तसं. आणि तिच्याकडे असं पाहिलं की दुसरं कोणी पाहतं तर विनवणी समजलं असतं. तिला कळलं, हा हुकूम आहे. गप्प राहा.

मग सुरू झालं ते नाटक. हात शेगड्यात, चेहरा कागदासारखा पांढरा, आणि दादा कण्हत कण्हत सूचना देतोय, "आता चिमटा लाव. आता वाच." त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भिंगताईनं मेलेल्या यंत्राची चीप वाचली. चार जागेवर होता. मग हे मेलं कशानं? तिनं वही उघडली. घाम पानांवर पडून आकडे फिसकटत होते. मधेच दादा बेशुद्ध व्हायला लागला तेव्हा पेटीवाल्यानं त्याच्या कानशिलात भडकावून त्याला जागं केलं. भिंगताईनं मान वर केली नाही. डोळ्यांत पाणी आलं असतं तर भिंगातून दिसलं नसतं.

शेपटाकडचे ते आकडे, जे तिनं नंबर-तारीख म्हणून सोडून दिले होते, त्यांत एक रकाना होता. इथल्या तिन्ही यंत्रांत २५१. तिथल्या तिन्हींत २४८. नंबर तर प्रत्येकाचा वेगळा असतो, मग हे तीन-तीन सारखे कसे? तिनं बोटावर बेरीज केली. चार आणि दोनशे एक्कावन्न, दोनशे पंचावन्न. सात आणि दोनशे अठ्ठेचाळीस, दोनशे पंचावन्न. आकडा दोन जागी लपवला होता, एकदा सरळ आणि एकदा उलटा. खरंखुरं बंद होऊन चालू होताना यंत्र दोघांची बेरीज करून बघतं. चुकली की स्वतःला कुलूप लावून घेतं. सहा आकडे तिच्याच अक्षरात इतके दिवस वहीत पडून होते आणि तिला घाई होती.

तिनं शेपटाकडे २५१ लिहिला. दादा म्हणाला, "हं, आता चालू कर," जणू त्यालाच सुचलं होतं. तिनं चालू केलं नाही. आधी पट्टी घालून बॅटरी उपटली, मनात साठ मोजले, परत लावली. पडदा उजळला.

पेटीवाला खूश झाला. त्यानं दादाची पाठ थोपटली, हुशार आहेस म्हणाला. मग म्हणाला, दुरुस्तीचं ठीक, पण चुकीची शिक्षा अजून राहिली आहे. आणि डाव्या हातावर त्यानं दांड्याला आणखी एक पीळ दिला. दादा ओरडला. बापापुढे तो कधी ओरडला नव्हता.

"त्यानं नाही," भिंगताई म्हणाली. "मी केलं. मोडलं मी, आता दुरुस्तही मीच केलं. त्याला साधा स्क्रू धरता येत नाही. सोडा त्याला."

दादानं डोळे मिटून घेतले. सगळं बळ लावून त्यानं जे झाकलं होतं ते तिनं उघडं करून ठेवलं होतं.

पेटीवाल्यानं दांडा सोडला. तिच्या हातांकडे पाहिलं, मग दादाच्या. त्यानं शेगडा सैल केला. भिंगताईला वाटलं, सुटला. पेटीवाल्यानं चेंदामेंदा झालेला डावा हात बाजूला लोटला आणि दादाचा उजवा हात उचलून शेगड्यात ठेवला.

"मग हा जपून ठेवायचं काही कारणच नाही," तो म्हणाला. "तुझ्या हातांना मी धक्का लावायचो नाही, ताई. अजून एकशे एकोणऐंशी राहिलीत."

तेव्हा तिला दादाची ती थाप कळली. कारागीर समजत होते म्हणूनच त्याचा उजवा हात शाबूत होता. दांडा फिरला, दोन बोटं गेली, आणि भिंगताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या हाताशी जे होतं ते तारांना डाग द्यायचं सोल्डरचं हत्यार होतं, दिवसभर चालू असलेलं, तीनशे ऐंशी अंशांवर तापलेलं. तिनं ते दांड्यावरच्या पेटीवाल्याच्या हातात खुपसलं आणि दाबून धरलं. कातडीचा वास सुटला. त्यानं हात सोडला, मागे सरकताना तो स्टुलाला अडखळून पडला. इथे ती थांबू शकत होती. थांबली नाही. तिनं त्याच्या गळ्यावर टेकवलं, मग गालावर, मग डोळ्यावर, आणि प्रत्येक वेळी आवाज न चढवता, अगदी मऊ सुरात विचारलं, "कोणी केलं?" तो किंचाळत होता. ड्रायव्हरनं शटर वर ढकललं आणि तो पळाला. शेजारच्या गाळ्यांतली माणसं धावत आली तोवर दादाच तिला लहानपणीच्या नावानं हाक मारून ओरडत होता, "चिमे, पुरे. बापासारखं करू नकोस." तेवढ्यानं तिचा हात थांबला.

पेटीवाला जगला. उजवा डोळा गेला. गेला तर गेला, असं लिहायचा मोह होतो, पण दादाला तसं वाटलं नाही आणि त्याच्यापुढे आपण कोण?

संध्याकाळी इस्पितळात पोलीस आला. दादा खाटेवर होता, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पोलिसानं वही काढली आणि विचारलं, की त्या माणसाला कोणी भाजलं.

"मी केलं," दादा म्हणाला.

पोलिसानं एकदा त्या प्लास्टरकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे. त्याला हसावं की ओरडावं कळेना.

"मी केलं," भिंगताई खुर्चीतून उठून म्हणाली. भिंग अजून तिच्या कपाळावरच होतं. या वेळी दादानं तिला अडवलं नाही. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि नवव्या वर्षापासूनचं रडू रडून घेतलं.

पोलिसानं तिला हात पुढे करायला सांगितले. ते उलटसुलट करून नीट पाहिले.

"एवढं सगळं झालं, आणि तुमच्या हाताला काहीच लागलं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "कधीच लागलं नाही."