खिडकीवाले पावणे

आमचे व्याही कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी न्हाणीघर बघायचे. पाय धुवायच्या निमित्ताने आत शिरायचे आणि बाहेर येताना तिथली खिडकी उघडी करून यायचे. कडी गंजलेली असली तर तांब्याने ठोकून उघडायचे. बाहेर थंडी असो नाहीतर समोर शेजाऱ्यांची गॅलरी असो, त्यांना फरक पडत नसे. सगळी भावकी त्यांना 'खिडकीवाले पावणे' म्हणायची. तोंडावरही म्हणायची, आणि ते मान हलवून म्हणायचे, "व्हय की. मग उघडी ऱ्हाऊ द्या."

मला त्यांचा राग पहिल्या दिवसापासून होता. माझा शिरोलीत भंगाराचा धंदा. फाउंड्रीतून निघालेलं जुनं यंत्र मी नुसतं ठोकून सांगतो, अजून चालेल की वितळवायला जाईल. हे सगळं मी एकट्याने उभं केलं आहे आणि घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीदेखील घेत नाही. स्वातीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लग्नाच्या बैठकीलाही मी कंबर कसून बसलो होतो. ते इचलकरंजीचे, घरात यंत्रमाग असलेले. मागतील तेव्हा कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं, हे मी मनात ठरवून ठेवलं होतं.

ते पाय धुऊन आले, बसले आणि म्हणाले, "मला मानपान काय नगं. तेवढा न्हाणीतला गॅसचा गिझर भाईर काढा."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. "काय ओ पावणं, गिझरनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"ज्योत पिवळी झालीया त्याची. निळी पायजे. वर भिंतीला काजळी धरलीया."

"जुना हाय. जुन्याला एवढं चालायचंच."

"न्हाय चालत, पावणं."

माझं डोकं फिरलं. माझ्या घरात काय कुठं टांगायचं ते पोरीच्या सासऱ्याने सांगायचं? मी तसं बोललोही. आमच्या थोरल्या भावाने माझा हात दाबला. पावणे उठून जातील असं सगळ्यांना वाटलं. पण ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "बरं. खिडकी तरी उघडी ठेवा. तेवढा शब्द द्या."

"दिला," मी म्हणालो. बैठक जिंकल्यासारखं वाटलं मला. भंगार अर्ध्या डोळ्याने ओळखणारा मी, पण माझ्याच भिंतीवर भंगार टांगलंय हे दुसऱ्याने सांगितलेलं मला चाललं नाही.

हळदीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. घरामागच्या परड्यात, न्हाणीघराच्या खिडकीला लागूनच, आचाऱ्यांनी चुली मांडल्या. त्याआधी आठवडाभर स्वाती अंघोळ करून आली की डोकं धरून बसायची. तिची आई म्हणायची, लग्नाची दगदग. हळदीच्या दिवशी स्वाती मला म्हणाली, "अण्णा, खिडकीबाहेर आचारी बसल्यात. अंघोळ कशी करायची?" मी खिडकी लावली, बाहेरून प्लायचा तुकडा ठेवला आणि स्वतः खिळे मारले. दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. आठवला. आजच्या दिवसापुरतं, असं मनाशी म्हणालो.

हळद लागली. करवल्या एकीमागून एक न्हायल्या. गिझर बंद झालाच नाही. शेवटी स्वाती आत गेली. तेवढ्यात नवरीचा शालू घेऊन इचलकरंजीच्या सवाष्णी आल्या. त्यांची गाडी चालवत पावणे स्वतः आले होते. पाय धुवायला ते परड्यात गेले आणि त्यांना खिडकीवरचा प्लाय दिसला.

"आत कोण हाय?" त्यांनी ओरडून विचारलं.

"नवरी," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी दारावर थाप मारली. नळाचं पाणी वाजत होतं, पण आतून उत्तर आलं नाही. त्यांनी आचाऱ्याचा झारा उचलला, प्लायच्या फटीत घातला आणि उचकटून काढला. काच फोडली. मी मांडवातून धावत गेलो आणि काही न विचारता त्यांची गचांडी धरली. "पोरीच्या न्हाणीची खिडकी फोडतोस? लाज हाय का?" सगळ्या पाहुण्यांसमोर, त्यांच्या घरच्या बायकांसमोर, अरेतुरे.

त्यांनी माझा हात सोडवलाही नाही. म्हणाले, "पावणं, भांडण मागनं करू. आधी दार तोडा."

दार तोडलं. स्वाती फरशीवर पडली होती, अंगावरची हळद अर्धी धुतलेली. तिला उचलून मोकळ्यावर आणलं, दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी ती बोलायला लागली. गिझरच्या त्या विषारी हवेला वास नसतो, डॉक्टर म्हणाले. माणसाला झोप आल्यासारखं होतं.

दवाखान्याच्या बाकावर विहीणबाईंनी मला सांगितलं. त्यांना एक मुलगी होती, आमच्या जावयाची थोरली बहीण. तीही अंघोळीहून आली की डोकं दुखतं म्हणायची. पावणे तिला म्हणायचे, "रोज केसावरनं पाणी घेऊ नगंस." घरच्या गिझरची ज्योत पिवळी झालेली त्यांनी बघितली होती. दिवाळी झाली की बदलू, म्हणाले होते. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीलाच ती आतून बाहेर आली नाही.

लग्न पुढच्या मुहूर्तावर झालं. आमच्याकडच्या बायका अपशकुन म्हणून कुजबुजल्या, तेव्हा पावणे मोठ्याने म्हणाले, "अपशकुन भिंतीवर टांगल्याला हुता. काढला की आता." आणि माझा गिझर त्यांनीच पाना घेऊन उतरवला. मी शेजारी उभा होतो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "जरा तेवढा पाना धरा." पुढे प्रत्येक वेळी हेच. मी विषय काढला की त्यांना कुठली तरी खिडकी आठवायची. समोरच्याने ऐकून घेतल्याशिवाय माफी मागून होत नाही. उभ्या जन्मात मी कुठला व्यवहार अर्धवट सोडला नाही. हा एक त्यांनी मला पुरा करू दिला नाही, आणि यासाठी मी त्यांच्यावर आजही रागावलेलो आहे.

त्यांच्या घरी गिझर नव्हता. अंगणात तांब्याचा बंब पेटायचा. न्हाणीघराच्या खिडकीची दारंच त्यांनी काढून टाकली होती, नुसते गज. आणि त्या घराची एक रीत होती. कुणी आत गेलं की थोड्या वेळाने पावणे बाहेरून विचारायचे, "हाय का?" आतल्याने म्हणायचं, "हाय." पोराबाळांनी, पाहुण्यांनी, सगळ्यांनी. लग्नानंतर मी पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा अंगाला साबण लावलेला आणि बाहेरून हाक, "पावणं, हाय का?"

मी वैतागून ओरडलो, "न्हाय! मेलो!"

अंग पुसून आलो तर ते बंबापाशी उकिडवे बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "असं नगा म्हणत जाऊ, पावणं." मला सगळं ठाऊक होतं, तरी मी तसं बोललो होतो.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच गेले, अंथरुणाशेजारची खिडकी उघडी टाकून. आम्ही स्मशानातून परतलो आणि अंघोळीसाठी अंगणात रांग लागली. माझी पाळी आली. आत गेलो. गजांतून गार वारा येत होता, बंबाचा धूर येत होता, बाहेरच्या माणसांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. माझा हुंदकाही तसाच बाहेर गेला असता, म्हणून मी नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी अंगावर पाणी घेतलं नाही.

थोड्या वेळाने गजांपाशी पावलं वाजली. माझी स्वाती होती.

"अण्णा, हाय का?"

मी नळ बंद केला. आवाज नीट होईपर्यंत थांबायला हवं होतं, पण त्या घरात उत्तराला उशीर करायचा नसतो.

"हाय," मी म्हणालो.