खाणीच्या कॅम्पातला वरवंटा

नेवाडाच्या वाळवंटातल्या त्या कॅम्पला गाव म्हणणं हा गावांचा अपमान आहे. दोन रांगांत उभे केलेले ट्रेलर, एक जनरेटर, एक बार आणि टँकरने येणारं पाणी. सोन्याचा भाव चढला होता म्हणून एका कंपनीने त्या ओसाड जमिनीत भोकं पाडायला घेतली होती. खाण अजून नव्हतीच. ती होणार की नाही, हे त्या भोकांतून निघणारा दगड सांगणार होता. तरी बारमधली माणसं आपापली घरं कुठे बांधायची ते हात लांब करून दाखवायची.

माझा नवरा भूगर्भशास्त्रज्ञ. नागपुरात शिकला, इथे अमेरिकेत पीएचडी केली आणि मिनेसोटात, ईडन प्रेरीला, इमारतींच्या पायासाठी माती तपासत बसला. ‘‘चिखल बघायला शिकलो का मी?’’ हे दर रविवारी ऐकून माझे कान किटले होते. म्हणून कॅम्पची नोकरी चालून आली तेव्हा मीच म्हटलं, चल बाबा, एकदाचं सोनं शोध.

मला मिनेसोटातल्या विद्यापीठात मास्टर्सची सीट मिळाली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी माझं स्वतःचं असं काहीतरी होणार होतं. ती सीट मी जानेवारीच्या सत्रापर्यंत पुढे ढकलून घेतली. येणार की नाही ते डिसेंबरात कळवायचं होतं. आमचं ठरलंही होतं. कॅम्प उठणार असेल, तर मी मुलीला घेऊन मिनेसोटाला परत जायचं आणि त्याने मागून यायचं. कॅम्प राहणार असेल, तर दोन ठिकाणी संसार मांडण्यात अर्थ नव्हता, सीट सोडायची.

प्रश्न एवढाच की कॅम्प राहणार आहे का, हे विचारायचं कुणाला? ज्याला माहीत होतं तो माझ्याच शेजारी झोपायचा. पण कंपनीचा नियम कडक होता. भोकातून काय निघालं ते घरीसुद्धा बोलायचं नाही. बोललात तर नोकरी जाणार, आणि आमच्यासारख्यांचा नोकरीबरोबर व्हिसाही. या गप्प बसण्यावरून सगळा कॅम्प अंदाज बांधायचा. भूगर्भवाले हसत-बोलत असले तर काही खरं नाही, आणि तोंडाला कुलूप लावून फिरले तर नक्की सोनं लागलंय, असा तिथला समज. त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने तोंडाला असं कुलूप लावलं की बारमध्ये बियरचे ग्लास उंचावले गेले. मीही खूश झाले. माझ्यासारखी मूर्ख मीच.

दिवाळीच्या सुमारास तो एक दगड घेऊन घरी आला. ड्रिलमधून निघणारा गोल, गुळगुळीत दांडा. कॅम्पात त्याला कोअर म्हणायचे. आमच्या ट्रेलरमध्ये मिक्सर लावला की फ्यूज उडायचा, आणि मी कितीतरी दिवस वरवंट्यासाठी त्याच्या मागे लागले होते. पाटा म्हणून ग्रॅनाइटचा एक तुकडा होता, पण वाटायचं कशाने? हा दांडा मुठीत असा बसला की मला हसूच फुटलं. त्यावर लाल खडूने काही आकडे होते, ते मी घासून घासून धुतले. पुरते गेले नाहीत. त्या दिवशी लसणाची चटणी वाटली. त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या, मान वर न करता.

डिसेंबर आला तसं मी सरळ विचारलं, ‘‘अरे, सीटचं काय करू? कॅम्प राहणार ना?’’

‘‘कामाचं मला बोलता येत नाही, माहितीये ना तुला,’’ तो म्हणाला. ‘‘तू ठरव.’’

मी ठरवलं. सीट सोडते म्हणून विद्यापीठाला कळवून टाकलं.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. ड्रिलरांच्या बायका कुंकू लावून आरशात बघत होत्या, लाडू परत परत मागत होत्या. वाण म्हणून मी प्लॅस्टिकचे छोटे डबे दिले. मॅनेजरची बायको आली. ती स्वतः भूगर्भशास्त्र शिकलेली. लाडू कसे केले म्हणून तिने विचारलं, तर मी कौतुकाने तो वरवंटा तिच्या हातात दिला. तीळ यानेच कुटले, म्हटलं.

तिने तो उलटसुलट केला. पुसट लाल आकड्यांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, ‘‘हा अख्खा आहे.’’

मला कळेना. तिने समजावलं. जिथे थोडी जरी आशा असते तो दांडा करवतीने उभा चिरतात. अर्धा तपासायला पाठवतात, अर्धा कुलपात ठेवतात. त्यातला खडासुद्धा कुणी घरी नेऊ शकत नाही. हा चिरायचीही तसदी कुणी घेतली नव्हती, म्हणजे कंपनीने तेव्हाच आशा सोडली होती.

‘‘कधी आणला त्याने?’’

‘‘दिवाळीत,’’ मी म्हणाले, आणि दिवाळी डिसेंबरच्या आधी असते, हे तिला सांगता सांगता मलाच कळलं.

संध्याकाळी तो आल्यावर मी वरवंटा त्याच्यापुढे आपटला. मुलगी आतून म्हणाली, ‘‘मॉम, आर वी मूव्हिंग अगेन?’’ तिलाही कळलं होतं.

‘‘अगं, आणून दिला होता ना तुला?’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, बघून कळेल तुला. बोलता तर येत नव्हतं.’’

तो खरंच सांगत होता की तेव्हा सुचलं म्हणून, हे मला आजही माहीत नाही. खरं असलं तर राग जास्तच येतो. दिवाळी ते डिसेंबर मी रोज त्याच्यासमोर त्या दगडाने चटणी वाटत होते. मला कळलेलं नाही, हे त्याला दिसत होतं. तो ताट पुढे करत होता.

थंडी ओसरायच्या आत ट्रेलर ओढून नेले. विद्यापीठाने सीट दुसऱ्याला दिली होती, आणि पुन्हा अर्ज केला तेव्हा मला ती मिळाली नाही. आम्ही मिशिगनला, नोव्हायला गेलो. तो पुन्हा माती तपासू लागला. सामान भरताना त्याने विचारलं होतं, ‘‘वरवंटा घेतलास ना?’’

घेतला. अजून वापरते. चटणी त्याला आवडते. परवा खाता खाता त्याने विचारलं, ‘‘अजून राग आहे का गं तुझ्या मनात?’’ मी वरवंटा धुऊन त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि आत गेले. बघून कळेल त्याला.