निळं पडलेलं पातं

साठीनंतर बाईमाणसाने भजनाला जावं, चाकू काय जमवतेस, असं माझी जाऊ मला तोंडावर म्हणते. मी अमरावतीत बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि आता लोहारांनी हाताने घडवलेले चाकू जमवते. पितळी मुठीचे, तिवसाच्या लाकडाचे, म्हशीच्या शिंगाचे. भजनात मला झोप येते, चाकूत येत नाही.

चाकू मिळवणं सोपं आहे. तो कशाचा आहे हे ओळखण्यात खरी गंमत. मुठीला तापलेली सुई कोपऱ्यात टेकवायची. केस जळल्याचा वास आला तर शिंग, नाकाला झोंबला तर प्लास्टिक. पातं ग्राइंडरला क्षणभर लावायचं आणि ठिणग्या बघायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कडक पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटतात. हे मला येतं, आणि मला येतं हे चार लोकांना कळावं अशीही माझी फार इच्छा असते.

गेल्या हिवाळ्यात अंगणासाठी संत्र्याचं रोप आणायला शेंदूरजनाघाटला गेले. तिथल्या रोपवाटिकेची मालकीण माझ्याच वयाची. ती उकिडवी बसून जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा भरून कलम करत होती. सालीला उभी-आडवी चीर, तीत डोळा सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. माझं लक्ष मात्र तिच्या हातातल्या चाकूवर. बोटभर पातळ पातं, काळी मूठ, आणि चीर अशी स्वच्छ की सालीचा एक धागा सुटत नव्हता.

मी किंमत विचारली.

"हा विकाचा नाई बाई," ती म्हणाली. "माया सासऱ्याचा हाय. मले आता बारीक दिसत नाई, यंदा सुनेले डोळे भराले शिकवून राहिली. पन बाजारातल्या चाकूनं साल फाटते अन् डोळा मरते. हा कायचा हाय तेवढं कोनी सांगतलं तं तिच्यासाठी तसाच घडवून घेतला असता."

झालं! मी लगेच पुढे सरसावले. शाळेत बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, दोन दिवसांत सांगते, म्हणाले आणि चाकू रुमालात बांधून घरी आणला.

मूठ म्हशीच्या शिंगाची निघाली. मग पात्याची पाठ ग्राइंडरला लावली. ठिणग्या फुलल्या, कडक पोलाद. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खात्री म्हणून पुन्हा लावलं, आणि जरा जास्तच वेळ धरलं. पाठीकडून एक निळी झाक निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत धारेपर्यंत गेली. निळं पडलं म्हणजे पोलाद मऊ झालं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी स्टुलावर बसले आणि मला चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने शेंदूरजनाघाट गाठलं आणि जे केलं ते सांगून टाकलं. तिने एका काडीवर पातं चालवलं. धार मुडपली. सून सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. हंगाम ऐन भरात, आणि होता तो चाकूही मी घालवला होता.

"बाई, शाळेतल्या पोट्ट्यायलेबी असंच शिकवत होत्या काय?"

मी पदराने डोळे पुसले.

"आता रडू नका. परतवाड्याले एक म्हातारा लोहार हाय. चला."

सुनेला रोपांपाशी ठेवून आम्ही दोघी निघालो. जीपमध्ये ती माझ्याकडे पाठ करून बसली. शेवटी पिशवीतून शेंगदाणे काढून अर्धे माझ्या हातावर ठेवले.

लोहाराने पातं उन्हात धरलं. "पुन्हा कडक कराचं तं लाल करून इझवा लागते. पन पाण्यात का तेलात? पाण्यात तडकलं तं गेलं. तेलात कमी पडलं तं धार येनार नाई. पोलाद कोनतं हाय, मले सांगा."

आता दोघंही माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी पाहुण्यांना 'हे अमुकच आहे' असं ठासून सांगत आले. चुकले तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. मी चष्मा पुसला, पातं फिरवून फिरवून बघितलं. पाठीवर सारख्या अंतरावर अगदी पुसट खळगे होते. दात घासून काढल्याच्या खुणा. इथे परतवाड्यात सागवान चिरणाऱ्या आरागिरण्या, त्यांच्या करवतीची पट्टी अशीच पातळ आणि लवचीक असते.

"मला वाटतं, आरागिरणीच्या करवतीचं आहे," मी म्हणाले. "एवढं पातळ पातं पाण्यात तडकेल. तेलात विझवा."

'मला वाटतं' हे शब्द माझ्या तोंडून फार क्वचित निघतात.

त्याने मूठ उतरवली, पातं भट्टीत लाल केलं आणि तेलाच्या डब्यात सोडलं. धूर उठला. तडकल्याचा आवाज येतो का म्हणून आम्ही तिघंही डब्याकडे कान लावून होतो. आला नाही. मग ठिसूळपणा जावा म्हणून त्याने ते तापल्या तव्यावर गव्हाळ रंग येईस्तोवर ठेवलं, मूठ बसवली, दगडावर धार काढली. मालकिणीने पिशवीतली जंभेरीची काडी काढून चीर दिली. साल फाटली नाही. "जमलं," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. लोहाराच्या अडगळीत जुन्या करवतीचा तुकडा होता. त्याचाच दुसरा चाकू घडवायला सांगून आम्ही परतलो.

तीनेक आठवड्यांनी तयार झालेला तो चाकू घेऊन मी शेंदूरजनाघाटला गेले. सून वाफ्यात बसून, दुरुस्त चाकूने तिने स्वतः पहिल्या दिवशी भरलेल्या डोळ्यांच्या पट्ट्या सोडत होती. पहिला डोळा काळा पडला होता. तिचा चेहरा उतरला. दुसरा हिरवा. तिसरा हिरवा. चौथा बघून तिने सासूला हाक मारली, "मामी, धरला वं!" सासूने वाकून, अगदी नाकाजवळ नेऊन बघितलं.

मी नवा चाकू सुनेपुढे केला. सासूने तो मधल्यामध्ये घेतला आणि आपल्या कमरेला खोचला.

"नवा मले राहू दे," ती वाफ्यातला जुना चाकू सुनेच्या हातात ठेवत म्हणाली. "नव्यानं माया हात चुकला तं मले समजते. तुया शिकत्या हाताले हा जुनाच पायजे. हा आता तुयाच."